कानातला मेंदीचा ठिपका

कॉलेजच्या प्रयोगशाळेला ससे पुरवायचे काम मी एकट्याने उभे केले होते. एके दिवशी तिथल्या भांडाराच्या बाबूने मला दारातूनच परतवून लावले. "तुमचे ससे महाग. माझा मेहुणा स्वस्तात देतो." मी असा ओरडलो की वर्गातली पोरे खिडकीत गोळा झाली. चारा, पिंजरे, सिकंदराबादहून येणारा टांगा. मेहुण्याला हे सगळे फुकट पडत होते की काय?

त्याच सुमारास सरकारने नवा कायदा केला. एका जनावरावर एकदाच प्रयोग करायचा, दुसऱ्यांदा नाही. आणि जनावरे पुरवणाऱ्याकडे परवाना हवा. आमच्या कॉलेजासाठी परवाना एकच होता. तपासनीस साहेब आले तेव्हा मेहुणा आणि मी, दोघेही आपापले पिंजरे घेऊन व्हरांड्यात हजर होतो.

मेहुण्याच्या पिंजऱ्यातल्या एका पांढऱ्या सशाने कान टवकारले. उजव्या कानात तांबूस ठिपका! बाजारात अदलाबदल होऊ नये म्हणून माझी बायको आमच्या प्रत्येक सशाच्या कानात मेंदी लावत असे.

"साहेब, हा ससा माझा! गेल्या महिन्यात याच कॉलेजला दिला होता."

"क्या बात करते मियाँ," मेहुणा हसला. "सशाचं लग्न ठरलं असेल, म्हणून मेंदी!"

साहेबांनाही हसू आले. मी ससा उचलून त्यांच्यासमोर उताणा धरला. पोटावरचे केस कापलेले, मध्ये टाक्यांचे व्रण. हसू थांबले. प्रयोग झालेले ससे बाबू मागच्या दाराने मेहुण्याला देत होता, आणि मेहुणा तेच पुढच्या दाराने पुन्हा कॉलेजला विकत होता. म्हणून स्वस्त!

"परवाना तुमचा," साहेब म्हणाले. "पण दर थोडा उतरवा."

"दर तोच राहील. शिवाय हा ससाही मी घरी नेणार."

"तो कशाला?"

"तुमच्याच कायद्याने तो आता कॉलेजच्या कामाचा नाही, साहेब."

त्यांनी मान हलवत सही केली. बाबूने मात्र कधीच माफी मागितली नाही, हे मी विसरलेलो नाही.

काचीगुड्याच्या आमच्या गल्लीच्या तोंडापासूनच मी ओरडत सुटलो, "मिळाला, मिळाला!" बायको धावत बाहेर आली. तिने परवान्याकडे पाहिलेच नाही. ससा हातात घेतला आणि टाक्यांवरून बोट फिरवले.

"हा परत का आणलात?"

"आता याला कोणी हात लावायचा नाही," मी म्हणालो. "सरकारी हुकूम आहे!"