मुठीतली शिट्टी

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात ताईच्या कानाशी फोन मीच धरला होता. पलीकडे वर्षा, तिची मुलगी. नागपूरहून निघालेली, अजून वाटेतच. "आई, मी येतेय गं... थांब माझ्यासाठी," ती रडत होती. ताई हसली. म्हणाली, "हो हो. जेवलीस का?" अर्ध्या तासाने ती गेली. नंतर वर्षा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, शेवटीसुद्धा आईला माझ्या जेवणाची काळजी. मी मान हलवायचो. ताईने तिचं एक अक्षरही ऐकलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, शाळेत बाई होती. भावोजी गेल्यावर आमच्याकडे पंचवटीत राहायला आली, ती कानामागच्या ऐकायच्या मशीनसकट. सकाळी आंघोळ झाली की ती पांढरा रुमाल पसरायची. कानात बसणारा भाग कोरड्या फडक्याने पुसायची, बारीक तारेने नळीतला मळ काढायची. रात्रभर मशीन एका डबीत असायचं, ओल शोषणाऱ्या निळ्या मण्यांत. मणी गुलाबी झाले की ती नवे आणवायची. सगळं झालं की मशीन मुठीत घेऊन मूठ मिटायची. आत बारीक शिट्टी वाजायची. "ओरडलं बघ! जिवंत आहे मेलं," म्हणायची आणि मगच कानात घालायची.

पुढे तिचे हात कापू लागले. "नंद्या, आता हे तुझ्याकडे. बुटांना पॉलिश करतोस, तेवढ्या प्रेमाने तरी कर." काही महिने केलं. मग एक दिवस आड, मग आठवड्याने... श्रावणातल्या ओलीत मणी गुलाबी पडले, तेव्हा नवे आणायचा कंटाळा केला. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात, तसं मशीन तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं. तांदळाला कीड लागू नये म्हणून घरोघरी बोरिक पावडर लावतात, आमच्याही होती. सकाळी तसंच काढून तिच्या कानात घातलं.

"नंद्या, कानात भिंत घातल्यासारखं झालंय रे."

मी सेल बदलला. मूठ मिटली. शिट्टी वाजली नाही. म्हणजे बिघाड मशीनमध्ये होता, तिच्या कानात नव्हता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी हातवारे करत ओरडून सांगितलं, "ताई, वय झालं. कानच उतरले आता."

मशीनचं दुकान गावातच, द्वारका चौकाजवळ, रिक्षाने फार तर वीस मिनिटं. "दाखवून येऊ या का?" तिने तीनदा विचारलं. मी ट्रॅफिकचं कारण सांगितलं, पुढच्या आठवड्यावर ढकललं. खरं कारण आजवर कुणाला सांगितलं नाही. घर शांत झालं होतं. एकच गोष्ट चारदा सांगावी लागत नव्हती, कुठे निघालास म्हणून कुणी विचारत नव्हतं... मला ते बरं वाटत होतं.

पाच महिने ती ते मुकं मशीन रोज कानात घालून बसली. कोण काय बोललं तरी "हो हो". रविवारी वर्षाचा फोन आला की एकच प्रश्न, जेवलीस का. उत्तर ऐकू आलं नाही तरी चालेल असा तिला तेवढाच सापडला असावा.

तेराव्यानंतर, कुणा गरजूला द्यावं म्हणून, मशीन घेऊन त्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने नळी काढली, तार घातली, फुंकर मारली. पांढरा लगदा बाहेर पडला. दोन मिनिटंही लागली नसतील. "काका, मशीन ठणठणीत आहे. हे पांढरं काय भरलं होतं यात?" तिने मूठ मिटली. शिट्टी वाजली. मी तिथल्या स्टुलावर बसलो. "काका, पाणी देऊ का?" ती विचारत होती.

हे छापायला देण्याआधी वर्षाला फोन करून सगळं सांगितलं.

"मामा, म्हणजे... मी थांब म्हणाले, ते?"

"नाही पोचलं, बाळा."

फोन कट झाला. त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही. उचलावा असं म्हणायचा मला हक्कही नाही.

मशीन मी कुणाला दिलं नाही. नवे मणी आणलेत, गडद निळे. रोज सकाळी रुमाल पसरतो, स्वच्छच असलेली नळी पुन्हा साफ करतो, मूठ मिटतो. शिट्टी वाजते. मूठ उघडायचा धीर होत नाही... सेल संपेपर्यंत तसंच बसून राहावंसं वाटतं.