पाण्यातल्या टेकाडाची नोंद

भाटघरला धरणाची नवी भिंत झाली, पाणी चढलं आणि आमची शेतं गेली. राहिलं ते एवढंसं टेकाड, चारी बाजूंनी पाणी. त्यावर करवंदीच्या चार जाळ्या आणि एक सपाट दगड. त्या दगडाखाली माझी पहिली लेक आहे.

पुढं बोलवा उठली, की ज्या बेटाची नोंद नाही त्याचं गवत संस्थान लिलावात काढणार. माझ्या लेकीवरून दुसऱ्याची गुरं फिरणार? टेकाडाची नोंद करायला भोरच्या कचेरीत जाईपर्यंत मी आमच्या मालकांना सुखानं जेवू दिलं नाही.

तिथं कारकुनानं विचारलं, "चतुःसीमा सांगा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण?" आमचे मालक म्हणजे भोळा सांब! त्यांनी जुन्या चारी शेजाऱ्यांची नावं घडाघडा सांगितली आणि कारकुनानं लिहिली. आता कायद्यानं त्या चौघांनी जागेवर येऊन आपापली शीव दाखवायला हवी. अन् त्यांची शेतं पाण्याच्या तळाशी, माणसं चार गावांना पांगलेली!

"पानी म्हनायचं हुतं की वो!" वाटभर मी त्यांना फैलावर घेतलं.

"पानी काय शेजारी हाय व्हय?" एवढंच ते बोलले.

पाहणीच्या दिवशी चौघंही आले, फडक्यात भाकरी बांधून, पायी. कारकुनासोबत होडीतून टेकाडावर उतरले आणि एकेकानं पाण्याकडं बोट केलं. "हितं माजी शीव." "हितं माजी." कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याचा हात किती वेळ खाली येईना. मला मेलं रडू आवरेना.

अंगठे झाले. मग कारकून म्हणाला, "शेताचं नाव?"

आमच्याकडं प्रत्येक तुकड्याला नाव असतं, पण ह्या टेकाडाला कधी कुणी ठेवलंच नव्हतं. मालक माझ्याकडं बघायला लागले.

लेक बारशाआधीच गेली. पाळण्यात घालताना ठेवायचं म्हणून एक नाव मी मनात धरलं होतं, मालकांनाही सांगितलं नव्हतं. ते मी हळूच सांगितलं.

कारकुनानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "बरोबर आहे ना, बाई?"

"व्हय," म्हटलं.

माझ्या लेकीचं नाव मोठ्यानं पहिल्यांदा घेतलं ते त्या परक्या माणसानं.