बाईंच्या मखराचं राहिलेलं विसर्जन

अंगाची आग आग होते आहे, म्हणून लिहायला बसले. कुणाला दाखवायचं नाही.

चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचं मखर दरवर्षी बाई करायच्या; लहानथोर सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणायचे. माझा मुलगा डेराबस्सीच्या औषध कारखान्यात आहे. गोळ्यांच्या पाकिटांचा वाया गेलेला चंदेरी कागद तो आणून द्यायचा. आम्ही बायका कापायचो आणि बाई त्यातून एखाद्या वर्षी मोर, एखाद्या वर्षी अख्खा समुद्र उभा करायच्या. आधी कागदावर रेघसुद्धा काढायच्या नाहीत. तोंडानं फटकळ. माझी कात्री ओढून घेत म्हणायच्या, "अगं, भेंडी चिरतेस का? पाणी कापायचंय, पाणी!"

विसर्जन झालं की मखर मोडायचं, हा त्यांचा नियम. सगळ्यांनी खाली बसून हातानं मोडायचं आणि एकेक तुकडा घरी न्यायचा. आमच्यातले निम्मे फौजेतले, दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली. "इथं माणसं टिकत नाहीत, मग मखरानंच का ठाण मांडायचं?" म्हणायच्या.

गेल्या वर्षी विसर्जनाला बाई सेक्टर ३२ च्या इस्पितळात होत्या. मखर मोडायचं राहिलं. हॉलवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं. थंडीत बाई गेल्या.

यंदा सेक्रेटरींनी स्मरणिकेसाठी बाईंवर लेख मागवले. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड उघडत नाही. तरी लिहिला. बाईंचं बालपण मला ठाऊक नव्हतं, म्हणून मला दिसलं तसं लिहिलं. लहान बाई नदीत पाय सोडून बसल्यात. पाण्यावरचं ऊन मुठीत धरतात, मूठ उघडतात, आत काहीच नाही. रडत नाहीत. हसतात आणि पुन्हा मूठ बुडवतात. मोठेपणी कात्री हातात आली, एवढाच फरक.

नात हिंदीतच बोलते. "दादी, ये तो पिक्चर जैसा है यार," म्हणाली आणि लेखाचा फोटो काढून सेक्रेटरींना पाठवला.

काल बैठकीत ते सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, छान आहे हो, पण नदी कुठून आणलीत? मी त्यांच्या मुलाला विचारलं. बाई रेल्वे क्वार्टरमध्ये वाढल्या."

"नळाखाली धरली असेल मूठ!" मागून कुणीतरी बोललं. हशा पिकला.

मी मान खाली घातली. रेल्वे क्वार्टरमधल्या मुलीला नदी दिसू नये? मग चंदीगडात समुद्र कुठून आला होता? हे सगळं मनात.

"आपल्याला बक्षिसं, सत्कार, अशी माहिती हवी," ते पुढे म्हणाले. "आणि खरी श्रद्धांजली म्हणजे यंदा बाईंचं तेच मखर लावू. मग काचेच्या कपाटात, कायमचं!"

टाळ्या पडल्या. दरवर्षी तुकडे घरी नेणाऱ्या बायकांनीही वाजवल्या! माझी नदी खोटी म्हणून हसलात, आणि जिनं दरवर्षी हातानं मोडलं तिच्या नावानं कपाट?

मखर कोपऱ्यात उघडं करून ठेवलं होतं. मी उठले, त्याच्यापुढे बसले आणि कागद सोडवायला लागले.

"अहो काकू! मंडळाची वस्तू आहे ती!"

"विसर्जन राहिलंय त्याचं," मी म्हणाले. आवाज एवढा चढला की पंख्याखालची माणसं उभी राहिली.

सेक्रेटरींनी एक टोक घट्ट धरून ठेवलं. मी दुसऱ्या टोकाकडून मोडत गेले. तारेनं बोट फाटलं. बाकी कुणी अडवलं नाही, मदतीलाही आलं नाही. शेवटी त्यांच्या हातात बांबूची एक काडी उरली.

तुकडे पुढे केले, तर एकीनंही हात लावला नाही. बदलीवर आलेल्या नव्या मुलींचं सोडा, जुन्याही पदर सावरत बसल्या. सगळं पिशवीत भरून घरी आणलं.

बोट अजून ठणकतंय, राग तर कणभरही उतरलेला नाही. सकाळी पिशवी घेऊन निघणार आहे, एकेकीच्या घरी. जी दार उघडणार नाही, तिच्या कडीला तुकडा अडकवून येईन.