चपला आपल्या घरात

शांती नगरमधल्या आमच्या मजल्यावर पॅसेजमध्ये कधी चपला दिसत नसत. समोरच्या घरातले काशीनाथ सोसायटीचे सेक्रेटरी. कुणाची चप्पल उंबऱ्याबाहेर दिसली की बेल वाजवून सांगत, "पॅसेज सगळ्यांचा आहे, चपला आपल्या घरात." त्यांची मुलगी वैजयंता हे ऐकतच वाढली. पाचवीत मी तिची वर्गशिक्षिका होते. तेव्हाही वर्गाच्या कपाटात कुणी डबा ठेवला की ती तो उचलून त्याच्या बाकावर नेऊन ठेवायची.

२००७ साली ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. जवळपासच्या तीन कॉलेजांची मुलं स्पर्धेसाठी रोबो बनवत. मोटर कशी फिरवायची, जमिनीवरची पट्टी कशी ओळखायची, हे प्रत्येकाने नव्याने लिहिण्यापेक्षा सगळ्यांचे प्रोग्राम इंटरनेटवर एका जागी ठेवायचे ठरले. मुलं त्याला रिपॉझिटरी म्हणत. त्यात काय घ्यायचं ते वैजयंताने ठरवायचं. तिचा नियम सरळ होता: तिन्ही टीमना वापरता येईल तेच आत.

पेणकरपाड्याचा सहादेव दुसऱ्या कॉलेजच्या टीमचा. गुळगुळीत लादीवर चाक घसरलं तर रोबोने कसं सावरायचं, याचा प्रोग्राम त्याने लिहिला होता. बंटी नावाच्या मित्राच्या पेन ड्राइव्हवर तो वैजयंताच्या घरी घेऊन आला, तेव्हा मी तिथे त्यांची वाटी परत द्यायला गेले होते.

"यात तुझ्याच रोबोची मापं आहेत," वैजयंता म्हणाली. "आणि मध्ये मध्ये या काय गोष्टी? 'वेग वाढवला, भिंतीवर आपटला.' हे सगळं काढ, मग घेते."

"गोष्टी नाहीत गं त्या. काय करून फसलो ते लिहिलंय. परीक्षा आलीय, आता घे ना तसंच. मग साफ करू."

"म्हणजे उद्या सगळेच तसंच आणतील."

"तू ना, काकांची झेरॉक्स आहेस!"

ती हसली नाही. "तुझी चप्पल आहे ती, सहादेव. तुझ्या घरात ठेव."

त्याचंही हसू गेलं. दाराच्या आत नीट काढून ठेवलेल्या चपला पायात सरकवून तो निघाला. पुढे त्याने टीमही सोडली.

त्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. परीक्षेनंतर कॉलेजच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर दरवर्षीप्रमाणे फॉरमॅट झाले. पेन ड्राइव्हवरची प्रत बंटीने गाण्यांना जागा करायला पुसली.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या हॉलमध्ये चकचकीत लादी होती. तिन्ही टीमचे रोबो जागच्या जागी गरगरत राहिले. वैजयंताने तिथूनच सहादेवला फोन केला.

"आठवत नाही गं," तो म्हणाला. "त्या टिपा असत्या तर पुन्हा लिहिला असता."

नंतर तिने रिपॉझिटरीत एक वेगळा कप्पा उघडला. अर्धवट, मळकं, एकाच रोबोचं, काहीही चालेल. नाव ठेवलं 'चपला'. मुलं भराभर टाकू लागली. सहादेवलाही तिने कळवलं, जे आठवेल ते पाठव. तो "बघतो" म्हणाला.

"बाई, माझा नियम चुकीचा नव्हता ना?" तिने मला एकदा विचारलं. मी म्हटलं, "नव्हता." मग ती म्हणाली, "पण त्याचा प्रोग्राम परीक्षा होईपर्यंत ठेवून घेता आला असता."

सहादेवचं अजून काही आलेलं नाही.