शैलावहिनींचे उभे पाईप

दादाचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बाजारात भरताची वांगी निवडत होतो. "शैला गेली रे," एवढंच तो म्हणाला. भाजीवाल्याने विचारलं, "किलोभर करू का?" मी हो म्हणालो. त्यामुळे माझी थोरली वहिनी गेली त्या सकाळी मी वांग्यांची पिशवी घेऊनच जळगावच्या एसटीत बसलो. त्या असत्या तर आधी पिशवीत डोकावल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, "भाऊजी, तुम्हाला कुणीही काहीही विकतं." याला आता महिना उलटून गेला...

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या लग्न होऊन आमच्याकडे आल्या. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. जळगावात पाण्याच्या नि सांडपाण्याच्या पाईपांचे नकाशे करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात ट्रेसिंगला लागल्या. तिथे कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी सांगून टाकलं, ट्रेसिंगची टेबलं उचलणार, मशीनवर नकाशा काढेल तो राहील. वहिनींनी संध्याकाळचा क्लास लावला. दादा नोकरीसाठी धुळ्याला, शनिवारी यायचा. म्हणून त्यांना लूनावरून क्लासला न्यायचं काम बीएस्सी होऊन घरी बसलेल्या माझ्याकडे आलं. बाहेर ताटकळण्यापेक्षा मीही आत बसलो. क्लास संपला तेव्हा मला एक सरळ रेघ जमत होती, तीही कॉम्प्युटर काढून द्यायचा म्हणून.

त्यांना मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे धरणगावजवळच्या एका सरकीच्या तेलाच्या मिलचं. खाली ढाळावर, म्हणजे किंचित उतारावर, जाणारा मेन पाईप, त्यातून दोन मजले वर चढणारे उभे फाटे. मिलचे मालक आबा नकाशा बघायला ऑफिसात आले. मी डबा द्यायला म्हणून तिथेच रेंगाळत होतो. शंभराला एक एवढा ढाळ कागदावर कुणाला दिसणार? आबांनी चष्मा वर केला, खाली केला. "भाऊ, ढाळ कोठे शे? माले तं दिसत नही." साहेब गिऱ्हाईक सोडणारे नव्हते. म्हणाले, चित्रात ढाळ दहापट करून दाखवा. आणि वहिनींना बजावलं, "हे पास झालं तर मशीनवर तुम्ही. नाही तर नाशिकचा एक मुलगा तयारच आहे."

वहिनींनी ढाळ दहापट केला. दुसऱ्या खेपेला आबांनी कागद धरला आणि खो खो हसायला लागले. "या बठ्ठा पाईप पिसन उनात का वं, ताई?" खरंच, सगळे उभे पाईप पिऊन आल्यासारखे एका बाजूला झुकलेले होते, लग्नाच्या वरातीत शेवटी चालणाऱ्या पाहुण्यांसारखे. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्या कागदाकडे बघत राहिल्या... घरी येताना लूनावर मागून म्हणाल्या, "भाऊजी, ते पहिल्या नकाशातही कललेलेच होते. फक्त दिसत नव्हते." मशीनला फाटा काढ म्हटलं की ते मेन पाईपाशी काटकोन धरायचं. मेन तिरका, म्हणून फाटाही तिरका. दोन मजल्यांवर जाईतो चार बोटांचा फरक. आणि पहिला नकाशा तर कामाच्या घाईत आधीच साइटवर गेलेला होता. स्लॅबमध्ये भोकं त्याच मापाने सोडणार होते.

मी शहाणपणाने सुचवलं, "गप बसा की. ढाळ पुन्हा कमी करा, आबांना सरळ दिसेल." मी लूनाचा वेग उगाचच वाढवला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी चूक सांगितल्यावर साहेबांचा आवाज बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू आला म्हणतात. धरणगावचा फोन लागेना. तेव्हा वहिनी मला घेऊन एसटीने निघाल्या. मिलच्या आवारात सळया बांधून झाल्या होत्या. घामाघूम आबांसमोर उभं राहून त्यांनी सरळ सांगितलं, "आबा, चूक माझी आहे. भोकांची मापं बदला." मग कागद पसरून नवी रीत दाखवली: वरच्या मजल्यावरच्या जागेपासून पाईप सरळ खाली सोडायचा, मेनला जिथे भेटेल तिथे कापायचा. मग प्रत्येक फाट्याची लांबी वेगळी येते, जोडही थोडा तिरका घ्यावा लागतो, पण पाईप उभा राहतो.

आबांनी पुन्हा चष्मा वर केला, खाली केला. मी मनातल्या मनात परतीच्या एसटीचा विचार करत होतो. "तू चूप ऱ्हाती तं माले काय समजतं?" ते शेवटी म्हणाले. आणि गवंड्याला हाक मारली. पुढच्या आठवड्यात ऑफिसात येऊन साहेबांना एवढंच म्हणाले, "भाऊ, आते नकाशा हाईच पोर काढी." नाशिकचा मुलगा मग काही आला नाही.

वहिनी त्या मशीनवर केस पांढरे होईपर्यंत बसल्या. त्या निवृत्त झाल्यावर दादाने घरातली पुढची खोली त्यांच्या कॉम्प्युटरला दिली, कारण ठेकेदार कामं घेऊन घरी येऊ लागले होते. पूर्वी ऑफिसात धूळ नको म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. वहिनींनी तोच नियम घरी लावला. पाहुण्यांना, ठेकेदारांना, दादालाही. परवा जळगावला गेलो. त्या खोलीत आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर कापड टाकलंय. दादा खिडकी उघडायला आत निघाला, उंबऱ्याशी थांबला, भिंतीला हात टेकून एकेक चप्पल काढली, आणि मागे वळून माझ्या पायांकडे बघत उभा राहिला.