शेपटाची शिवण

त्या रोगणाचा वास आजही नाकातून जात नाही. तेव्हा काही विमानांच्या शेपटाला कापड असायचं. ते शिवायचं आणि वर रोगण फासायचं, हे माझं काम. मी गुलमंडीतला शिंपी. निजामाच्या राज्यात लढाईच्या दिवसांत गावाबाहेर गोऱ्यांचं विमानांचं मैदान झालं, तिथं मी लागलो.

दुरुस्त झालेलं विमान पहिल्यांदा वर नेऊन बघायला एक गोरा कप्तान होता. सारी उमर त्यानं ह्याच कामात घातलेली. तीनदा पडून वाचलेला, डावा हात भाजून आकसलेला. दुरुस्ती करणाऱ्याच्या हलगर्जीपणानं त्याचे दोन दोस्त गेले होते म्हणे. म्हणून त्याचा एकच कायदा: ज्यानं दुरुस्ती केली त्यानं मागं बसायचं. बसण्याआधी तो त्या माणसाचं तोंड निरखायचा. भीती दिसली, की विमान परत शेडमधी.

मला तर माडीवरून खाली बघितलं तरी घेरी येते. मी आमच्या मिस्त्रीचे पाय धरले. मिस्त्री एक नंबरचा बेरकी. मैदानात मेंढरं शिरू नयेत म्हणून एक धनगर राखणीला होता, कन्नड तालुक्याकडचा. मिस्त्रीनं त्यालाच शिंपी म्हणून पुढं केलं. साहेब शेडमधी कधी पाय ठेवत नसे, त्याला काय कळणार? धनगराला उडायला लई आवडायचं. त्याचं हसरं तोंड बघून साहेब खूष, आणि आम्ही शेडमागं बिड्या ओढत फिदीफिदी हसायचो. थू आमच्या जिंदगीवर!

एक दिवस मेणाचा दोरा संपला. मिस्त्री म्हणाला, "साधा लाव रे, रोगणाखाली कोण बघतंय?" तो दोरा टिकायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी लावला. धनगर विमानात चढला, मला हात केला. मीही उलट हात केला.

वर गेल्यावर शेपटाचं कापड टरकन फाटलं. विमान हेलपाटत कसंबसं खाली टेकलं. साहेब उतरला तो तडक शेपटाकडं गेला. लोंबणारी चिंधी मुठीत धरून धनगरावर खेकसला, "ये तुम सिया?"

धनगरानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतोय शिंपीदादा?"

मिस्त्री खाली मान घालून उभा. माझी नोकरी जाणार, लढाईचा काळ, कदाचित तुरुंगही.

"व्हय म्हण," मी बोललो.

"व्हय साहेब," तो हसून म्हणाला.

शिपायांनी त्याला दंडाला धरून नेलं. तो परत कुणाला दिसला नाही. मी विचारायलाही गेलो नाही, एवढा मी नीच. फाटकापाशी त्यानं मान वळवून मला हाक मारली होती, "दादा, माझी काठी तेवढी बघ, आलोच!"

मी "बघतो" म्हणालो.