मगारी म्हणजे कदाचित नव्हे

लीड्समधल्या एका हॉस्पिटलात मी वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे एक इटालियन आजोबा आले. तरुणपणी वीटभट्टीवर कामाला म्हणून ते इंग्लंडमध्ये आले आणि इथलेच झाले. स्ट्रोकनंतर मात्र त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलं. उरली ती फक्त लहानपणची भाषा.

सकाळच्या राउंडला मी फोनवरच्या दुभाष्यामार्फत विचारायचे, "घरी जायचं?"

खिडकीकडे बघत ते म्हणायचे, "मगारी."

पहिल्यांदा मला चक्क 'मगर' ऐकू आलं. दुभाष्याने अर्थ सांगितला, "कदाचित." म्हणजे घरीच जायचा हट्ट नाही, असं मी धरून चालले. नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायमची देखभाल करणाऱ्या इथल्या वृद्धाश्रमात, जागाही मिळाली.

संध्याकाळी त्यांची मुलगी कामावरून परस्पर आली. तिला हे सांगितलं तर ती कोट न काढताच खुर्चीत बसली.

"नाही हो, डॉक्टर. 'उद्या पाऊस पडेल मगारी' म्हटलं तर कदाचित. पण घरी जायचं का विचारल्यावर नुसतंच 'मगारी' म्हणजे, जाता आलं असतं तर! तसं कुठलं आमचं नशीब!"

घरी जाऊन मी शब्दकोश उघडला. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ 'हे भाग्यवंता'. आपल्या 'देव करो'सारखा तोही आधी आशेने म्हटला जात असणार. पुढे त्यातली आशा विरत गेली असावी.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला विचारलं, "घरी नेता येईल का?"

"फ्लॅट वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांना उठवायलाच दोघं लागतात. मी एकटी. कसं नेऊ, तुम्हीच सांगा."

घरी मदत मिळेल का म्हणून मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. दिवसा केअरर पाठवू म्हणाले, रात्रीचं कुणी मिळणार नाही. माझ्या हातात आणखी काही नव्हतं. मुलीने नर्सिंग होमच्या कागदांवर सही केली.

जायच्या दिवशी आजोबांना व्हीलचेअरवर बसवलं. मुलीने त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "कासा?"

कासा म्हणजे घर. एवढं मला आता कळत होतं. मुलीने मफलर पुन्हा नीट केला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. खुर्ची न्यायला आलेल्या पोर्टरने हळूच ब्रेक काढला. त्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.